संशोधनाचा कल की स्कोपसचा कल?

शेवटचा_बाक (धागाकर्ता):
घरात सध्या एक पीएचडी चालू आहे. माझी नाही, बायकोची, विषय शिक्षणशास्त्र. दुसरं प्रकरण, म्हणजे ‘संबंधित साहित्याचा आढावा’, गाईडनी ‘सिस्टिमॅटिक’ करायला सांगितलंय. स्कोपसमध्ये, म्हणजे संशोधन-लेखांच्या ऑनलाइन सूचीत, शोधशब्द टाका, येतील ते पेपर चाळा, किती घेतले किती टाकले याची प्रिझ्मावाली आकृती काढा, वर्षवार मोजा आणि ‘या क्षेत्राचा कल असा’ म्हणून मोकळे व्हा. चार महिने घरभर चौकोन आणि बाण.

माझं मत: ही पद्धत वैद्यकातली आहे आणि तिथेच शोभते. तिथे प्रश्न नेमका असतो, या औषधाने मृत्यू कमी होतात का? ‘सध्या काय चाललंय?’ हा प्रश्न नव्हे, ती नाक्यावरची चौकशी.

आकडेमोड:
साफ असहमत. वैद्यकातसुद्धा ती आपसूक आली नाही. वैद्यकातले असे आढावे करणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या बोधचिन्हात आडव्या रेघा दिसतात. त्या आहेत सात चाचण्यांचे निकाल. दिवस भरण्याआधी बाळंत होणाऱ्या बाईला स्टिरॉइडचं स्वस्तातलं इंजेक्शन दिलं तर बाळ वाचतं का, हा प्रश्न. पहिली चाचणी 1972 मध्ये छापून आली, सगळ्यांचा एकत्र आढावा थेट 1989 मध्ये. मधल्या काळात बहुतेक डॉक्टरांना कळलंच नाही, आणि बाळं जात राहिली.

दुसरं उदाहरण हृदयविकाराच्या झटक्यावरच्या स्ट्रेप्टोकायनेजचं, म्हणजे रक्ताची गुठळी विरघळवणाऱ्या औषधाचं. 1959 ते 1988 दरम्यान 33 चाचण्या झाल्या. 1992 मध्ये त्या कालक्रमाने रचून पाहिल्या, तर 1973 पर्यंतच्या 8 चाचण्यांतच उत्तर स्पष्ट होतं: मृत्यू कमी होतात. पुढच्या 25 चाचण्यांत आणखी 34,542 रुग्ण घेतले, उत्तर जवळपास तेच. आता सांगा, अख्खं क्षेत्र घाण्याच्या बैलासारखं फिरतंय हे कळणं म्हणजे कल कळणं नव्हे?

शेवटचा_बाक:
उदाहरणं जबरदस्त, पण ती माझ्याच पारड्यात पडतात. दोन्हीकडे आधी प्रश्न होता. आणि आता आढाव्यांचंच तण माजलंय त्याचं काय? संशोधनाच्या पद्धतींवरच संशोधन करणाऱ्या योआनिडिस यांनी 2016 मध्ये मोजलं होतं: 1991 ते 2014 मध्ये पबमेड या वैद्यकीय लेखांच्या सूचीतल्या दरवर्षीच्या एकूण नोंदी 153 टक्क्यांनी वाढल्या, सिस्टिमॅटिक रिव्ह्यू 2,728 टक्क्यांनी. त्यातले बरेचसे अनावश्यक किंवा दिशाभूल करणारे, असं त्यांचंच म्हणणं.

निवृत्त_ग्रंथपाल:
तुम्ही दोघे चाळणीवर भांडताय, सुपात काय आलं ते बघा. स्कोपसमध्ये नियतकालिक घ्यायच्या किमान अटींत इंग्रजी शीर्षक, इंग्रजी सारांश आणि रोमन लिपीतले संदर्भ येतात. म्हणजे मराठी दप्तरांवर मराठीत लिहून देवनागरीत तळटीपा देणारा माणूस उंबऱ्यावरच अडला. उद्या कोणी ‘मराठ्यांच्या इतिहासलेखनाचे कल’ असा रंगीत नकाशा काढला, तर त्यात हा माणूस कुठे दिसणार? आणि नकाशा मात्र शास्त्रशुद्ध!

आकडेमोड:
काका, मान्य. पण हा दोष तुम्हाला दाखवता आला, कारण कुठे शोधलं, कोणत्या तारखेला, कोणते शब्द टाकून, हे त्यात लिहिलेलं असतं. जुन्या पद्धतीच्या आढाव्यात काय असायचं? गाईडचे मित्र, गाईडचे शत्रू आणि गाईड स्वतः. कोण वगळलं हे विचारायचीही सोय नाही.

रिकामटेकडी:
शब्दांची फॅशन विसरू नका. आमच्या संगणकवाल्यांत कालचं ‘न्यूरल नेटवर्क’ आज ‘डीप लर्निंग’ म्हणून मिरवतं. शोधशब्द नवा टाकला की आलेख आभाळाला भिडतो. क्षेत्र वाढलं की नुसतं बारसं झालं, ते मोजून कळत नाही.

आकडेमोड:
म्हणूनच शब्द सोडून कोण कोणाचा संदर्भ देतं त्याची जाळी काढतात. लायडन विद्यापीठातलं व्हीओएसव्ह्यूअर हे सॉफ्टवेअर त्यासाठीच आहे, फुकट मिळतं. पण संदर्भ साचायला वर्षं लागतात, त्यामुळे अगदी ताजं काही त्यातही निसटतं, हे कबूल.

दुसरं_प्रकरण:
हा धागा मी वाचत नाही असं समजू नकोस. चार नाही, सात महिने झाले.

वर्षवार आलेखातून मलाही काही कळलं नाही, तो चढतोच. सगळ्याच विषयांचा चढतो. कळलं ते तक्ता भरताना. प्रत्येक पेपरपुढे ‘कोणाला विचारलं, किती वेळा विचारलं’ असे रकाने केले होते. जवळजवळ सगळीकडे तेच: आपल्याच कॉलेजची मुलं, एकदाच भरून घेतलेली प्रश्नावली. दोन वर्षांनी परत जाऊन त्याच मुलांना विचारणारं हाताच्या बोटांवर. माझ्या विषयाचा कल हा आहे, आणि तो मोजून नाही, वाचून सापडला. पण एवढे पेपर ओळीने वाचायला त्या चौकोन-बाणांनीच बसवलं.

आणि हो, दोघांनी एकमेकांचं न बघता चाळणी करायची असते. दुसरा माणूस अजून मिळालेला नाही. आज रात्री बसतोस का?

शेवटचा_बाक:
धागा वाचनमात्र करावा ही संपादकांना विनंती.