चालू पाइपलाइनची दुरुस्ती: वेल्डिंगची स्लीव्ह की कॉम्पोझिट रॅप?

कारखान्यातील यंत्रे थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या (कूलिंग वॉटर) मुख्य पाइपलाइनबाबत जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे. पाइप कार्बन स्टीलचा, 200 मिलिमीटर नाममात्र व्यासाचा आणि शेड्यूल 40 (जाडीची प्रमाणित श्रेणी) चा असल्याने मूळ जाडी सुमारे 8.2 मिलिमीटर होती. दाब 6 बार आणि तापमान 40 अंश सेल्सियसच्या आसपास असते. तळाशी टाचणीच्या टोकाएवढे छिद्र पडले असून सध्या त्यावर रबरी पॅड ठेवून क्लॅम्प आवळला आहे. अल्ट्रासॉनिक मोजणीत छिद्रालगत 3 आणि थोड्या अंतरावर 5 ते 6 मिलिमीटर जाडी मिळाली. बाहेरचा रंग शाबूत आहे, त्यामुळे गंज आतून, बहुधा साचलेल्या गाळाखाली, लागला असावा.

सर्व कंडेन्सर याच पाण्यावर चालत असल्याने पुढच्या शटडाउनपर्यंत प्रवाह थांबवता येणार नाही. आमच्यापैकी काहींचे म्हणणे असे की, 6 बार दाबाला हिशेबाने अर्धा मिलिमीटर जाडीही पुरते, तेव्हा स्लीव्ह (पाइपभोवती बसणारे स्टीलचे आवरण) वेल्ड करून मोकळे व्हावे. इतरांना कॉम्पोझिट रॅप (रेझिनमध्ये भिजवलेल्या तंतूंच्या कापडाचे थर गुंडाळणे) सुरक्षित वाटते. कोणता मार्ग योग्य ठरेल?

प्रतिसाद:

दाबाला पुरणारी जाडी आणि वेल्डिंग सोसणारी जाडी या वेगळ्या गोष्टी आहेत. चालू पाइपवर वेल्डिंग करताना आतल्या पृष्ठभागाचे तापमान 980 अंशांच्या वर गेले, तर धातू मऊ पडून आतल्या दाबाने फुटण्याचा धोका असतो. लो हायड्रोजन इलेक्ट्रोड (वेल्डमध्ये कमी हायड्रोजन सोडणारी वेल्डिंगची कांडी) वापरल्यास 6.4 मिलिमीटर आणि त्याहून जास्त जाडीवर ही भीती फारशी उरत नाही. 3 मिलिमीटरवर मात्र आर्क लावूच नये. स्लीव्ह निवडलीत, तर ती इतकी लांब घ्यावी लागेल की तिची दोन्ही टोके निरोगी धातूवर येतील. त्यातही एक पेच आहे: वाहते पाणी उष्णता झपाट्याने ओढून घेते, त्यामुळे वेल्डलगतचा भाग कडक होतो आणि हायड्रोजनमुळे तडे जाऊ शकतात, प्रवाह कमी करावा, तर फुटण्याचा धोका वाढतो. म्हणून तशाच पाइपच्या तुकड्यातून पाणी वाहते ठेवून वेल्डिंगची पद्धत आधी तपासून घ्यावी.

रॅपबाबत तुमच्या सहकाऱ्यांचा विश्वास मला थोडा जास्त वाटतो. ओल्या पृष्ठभागावर रेझिन धरत नाही, त्यामुळे आधी गळती पूर्ण बंद करून, ब्लास्टिंगने धातू स्वच्छ करून, बाहेर दव धरत नाही याची खात्री करावी लागते. शिवाय आतला गंज रॅपखाली चालूच राहणार. त्यामुळे थरांची संख्या आरपार छिद्र गृहीत धरूनच ठरवावी. एएसएमई पीसीसी-2 आणि आयएसओ 24817 या मानकांत त्याची रीत दिलेली आहे.

दोन्ही बाजूंना हॉट टॅपिंग (चालू पाइपवर फिटिंग वेल्ड करून त्यातून छिद्र पाडणे) करून, प्लग बसवून आणि बायपासमधून पाणी फिरवून मधला तुकडा बदलता येतो. पण त्या फिटिंगही जाड धातूवरच वेल्ड कराव्या लागतात. शटडाउन आवाक्यात असेल, तर इतका खटाटोप मी करणार नाही. पाइपला पूर्ण वेढणारा, सील असलेला दोन भागांचा बोल्टेड क्लॅम्प बसवून शटडाउनमध्ये तुकडा बदलावा. साधा क्लॅम्प गळती अडवतो, पण पाइप तुटल्यास लांबीच्या दिशेची ओढ पेलत नाही. म्हणून आजूबाजूचे आधार तपासावेत.

क्लॅम्पची टोके जिथे येतील, तिथे पूर्ण परिघावर जाडी मोजली आहे का? ते आकडे दिल्यास क्लॅम्पची लांबी ठरवता येईल.