म्युझियम म्हणजे मेलेल्या वस्तूंचं गोदाम?

फणसवाडी (धागाकर्ता): परवा इथेच एकांनी लिहिलं, "मुंबईत काळा घोड्याच्या म्युझियममध्ये अख्खा रविवार फुकट गेला. फुटकी शिल्पं, पेंढा भरलेले प्राणी, मेलेल्या वस्तूंचं गोदाम नुसतं. सगळं मोबाइलवर दिसतं. त्या जागेत हॉस्पिटल काढा." तिथेच उत्तर देणार होतो, पण लांबलं.

आधी हॉस्पिटल. पहिल्या महायुद्धात त्या इमारतीत लष्करी हॉस्पिटलच होतं. म्युझियम लोकांना खुलं झालं ते १९२२ साली. तेव्हा ती हौस फिटलेली आहे, साहेब.

आता मोबाइल. मीरपूर खासच्या स्तूपावरचा तो हातात फूल धरलेला उपासक घ्या. भाजलेल्या मातीचा, दीडेक हजार वर्षांचा. मोबाइलवर तो बोटभर दिसणार. समोर उभे राहा, मग केसांचा एकेक कुरळा वळसा बघून कळतं की ओल्या मातीवर कुणाची तरी बोटं अशी फिरली होती. तुम्ही त्याच्यासमोर किती वेळ थांबलात? खरं सांगा.

स्लोलोकल: तो 'एकजण' मीच. बरोबर दोन पोरं होती. एकाला पाणी हवं, दुसरीला शू. तुमच्या उपासकासमोर थांबायला मला कोण देतंय? एकटे जाणाऱ्यांनी शिकवू नये.

ठाण्याच्या वहिनी: पोरांना का मध्ये आणता? आमच्या शाळेने सहल नेली होती. बाईंचं एकच, "हात लावू नका, रांग मोडू नका." धावत आत, धावत बाहेर. लक्षात राहिला तो बाहेरचा वडापाव. लहानपणी असं दाखवलं की मोठेपणी माणसं गोदामच म्हणणार. आणि पेंढा भरलेल्या प्राण्यांना नावं ठेवण्याआधी एक ऐका: त्याच विभागात पक्षितज्ज्ञ सलीम अली लोकांना माहिती द्यायच्या नोकरीवर होते.

मावळा७७: मातीच्या बाहुल्यांचं कौतुक पुरे. आपल्या खऱ्या वस्तू लंडनला आहेत, त्याचं बोला. वाघनखं २०२४ ला साताऱ्यात आली तीसुद्धा तीन वर्षांच्या बोलीवर, उसनी! आपलीच वस्तू आपल्यालाच उसनी. आधी सगळं परत आणा.

फणसवाडी: ती महाराजांनीच वापरलेली, असं खुद्द तिथलं म्युझियमही छातीठोकपणे सांगत नाही.

मावळा७७: वा! म्हणजे लंडनवाले खरे आणि आम्ही खोटे. चालू द्या.

चहाटळ काका: मावळेबुवा, 'ज्याचं त्याला परत' म्हणताय तर मीरपूर खास सिंधमध्ये आहे. तो उपासक पाकिस्तानला कधी पाठवताय?

मावळा७७: कशाला पाठवायचा? उत्खनन झालं तेव्हा सिंध मुंबई इलाख्यातच होता. १९३६ ला वेगळा झाला. थोडा इतिहास वाचा.

चहाटळ काका: वाचला. 'तेव्हा आमचंच राज्य होतं' हे लंडनवालेही म्हणतात.

मावळा७७: लुटारूंशी तुलना? वयाचा मान ठेवून गप्प बसतोय. नाहीतर उत्तर आहे माझ्याकडे.

ठाण्याच्या वहिनी: मग द्या की. आम्हीही वाट बघतोय.

मोरा बंदर: लंडन राहू द्या, मुंबईपासून सुरुवात करा. घारापुरीचा दगडी हत्ती १८६४ ला साहेब विलायतेला न्यायला निघाला. उचलताना पडला, फुटला. तुकडे जोडून आज तो भायखळ्याला, भाऊ दाजी लाड म्युझियमच्या आवारात उभा आहे. ज्याच्यावरून बेटाला एलिफंटा म्हणतात तो हत्ती सोडून बेटावर सगळं आहे. आधी तो बोटीत घाला, मग वाघनखं बघू.

फणसवाडी: अहो, आज बेटावर नेऊन उघड्यावर ठेवणार का?

मोरा बंदर: बाराशे वर्षं कुठे होता? छत्रीखाली?

स्लोलोकल: सलीम अलींचं नाव घेतलंत, त्यामुळे पेंढ्याचे शब्द मागे. बाकी काही मागे नाही. थोरलीला पक्षी पुन्हा बघायचे आहेत म्हणे, म्हणजे जाणं आलं. धागाकर्त्यांनीही यावं. मी उपासक बघतो, तुम्ही धाकट्याला सांभाळा.

मावळा७७: मूळ विषय वाघनखांचा होता.

चहाटळ काका: नव्हता.