मदत हवी आहे: ड्युसेलडॉर्फची जपानी शाळा आणि ओबरकासेलमध्ये घर

नागोयाकर:
ऑगस्टमध्ये नागोयाहून ड्युसेलडॉर्फला बदली होतेय, तीन वर्षांसाठी. लेक जपानी सरकारी शाळेत तिसरीत आहे, जन्म जूनचा. जपानी लिहिणं-वाचणं वर्गाबरोबर, जर्मन शून्य. पासपोर्ट भारतीय. तिथल्या जपानी शाळेत घालावं का? घर शाळेजवळच हवं का? निघण्यापूर्वी कोणते कागद घेऊ?

पाटीपेन्सिल:
तीन वर्षांनी कुठे जाणार ते आधी सांगा. उत्तर त्यावर आहे.

नागोयाकर:
बहुतेक परत नागोयाच.

पाटीपेन्सिल:
मग जपानी शाळाच. १९७१ पासूनची आहे, पहिली ते नववी, अभ्यासक्रम जपानचाच, वर्ष एप्रिलला सुरू. परतताना लेक सहावीत असेल आणि तिथेही सहावीतच बसेल. फक्त भारतीय पासपोर्टवर प्रवेश गृहीत धरू नका. तिकिटं काढण्याआधी शाळेकडून ईमेलवर लेखी उत्तर घ्या.

जर्मन शाळेत खरी अडचण त्या जूनच्या जन्माची. जपानमध्ये २ एप्रिल ते पुढच्या १ एप्रिलपर्यंत जन्मलेली मुलं एका वर्गात. ड्युसेलडॉर्फ ज्या राज्यात येतं तिथे ३० सप्टेंबरपर्यंत सहा पूर्ण झाली की त्याच ऑगस्टला पहिली. म्हणजे वयाने ती थेट चौथीत, आणि प्राथमिक शाळा चौथीलाच संपते! जानेवारीअखेर प्रगतिपुस्तकाबरोबर पुढे कोणत्या प्रकारच्या शाळेत जावं याची शिफारसही येते. पाच महिन्यांत भाषा कुठून येणार? तीच वाट धरावी लागली तर 'तिसरीत बसवा' हे पहिल्याच भेटीत मागा, आणि शनिवारची जपानी पुरवणी शाळा लावा.

शाईपेन:
कागद दोन. झायगाकु शोमेइशो, म्हणजे शिकत असल्याचा दाखला, आणि क्योकाशो क्यूयो शोमेइशो, म्हणजे कोणती पुस्तकं दिली त्याचा दाखला. वर्गशिक्षकांना महिनाभर आधी सांगा. दुसरा कागद हमखास विसरतो. जपानमध्ये पुस्तकांचे प्रकाशक गावागणिक बदलतात आणि त्याबरोबर धड्यांचा क्रमही; भागाकार झालाय की व्हायचाय हे नव्या शाळेला त्यावरूनच कळतं. परदेशातली मोफत पुस्तकं जपानी नागरिकत्व असलेल्या मुलांनाच मिळतात, तुम्हाला विकत घ्यावी लागतील.

ऱ्हाईनपलीकडे:
शाळा ओबरकासेल-निडरकासेल या भागांच्या सीमेवर, ऱ्हाईनच्या डाव्या काठाला. जपानी बौद्ध मंदिर असलेलं एको-हाउसही निडरकासेलमध्येच. ओबरकासेल महाग आहे. त्याच काठावरचं हेर्ट किंवा ल्योरिक बघा. जपानी किराणा, बेकरी, पुस्तकं मात्र नदीपलीकडे, मुख्य स्टेशनजवळच्या इमरमानश्ट्रासेवर. ओबरकासेलच्या बेल्झेनप्लात्स थांब्याहून यू-७७ ही ट्राम न बदलता स्टेशनला जाते.

घर बघताना आधी स्वयंपाकघरात शिरा. बऱ्याच घरांत भिंतीतून पाण्याच्या जोडण्या आणि शेगडीची जाड वायर बाहेर आलेली, बाकी सगळं रिकामं. ओटा, सिंक, कपाटं तुम्ही आणायची. जाहिरातीत 'आइनबाऊक्युशे' लिहिलं असेल तर स्वयंपाकघर बसवलेलं आहे. भाडं वार्म (हीटिंग वगैरे खर्च धरून) आहे की काल्ट (नुसतं घरभाडं), तेही बघा. अनामत जास्तीत जास्त तीन महिन्यांचं काल्ट भाडं, आणि कायद्याने ती तीन हप्त्यांत देता येते. एजंट घरमालकाने नेमला असेल तर त्याचं कमिशन तुम्ही द्यायचं नाही, कितीही गोड बोलला तरी.

किल्ल्या घेतानाच घरमालकाच्या सहीचं 'वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग', म्हणजे तुम्ही तिथे राहायला आल्याचा दाखला, मागून घ्या. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करायची असते, तिथे भाडेकरार चालत नाही, हाच कागद लागतो.