हिशोबात ०.५ टेस्ला, हातात ०.३६. माझं चुंबक कुठे चुकतंय?

वाइंडिंगवाला_चाळीसगाव

नमस्कार मंडळी. इलेक्ट्रिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. वडिलांचं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे, त्यामुळे तांब्याची तार लहानपणापासून हातात. वर्गातले सगळे सोलर पंप नाहीतर ठिबकचं ऑटोमेशन घेऊन बसलेत. मी प्रोजेक्टला डायपोल म्हणजे दोन पोलांचं चुंबक घेतलं. पार्टिकल अॅक्सिलरेटरमध्ये बीम, म्हणजे पळत्या कणांचा झोत, वळवायला असतं तसं, पण टेबलावर मावेल एवढं.

चौकट इंग्रजी 'सी' सारखी. ४० मिमी जाड, ८० मिमी रुंद एमएस (साधं लोखंड, माइल्ड स्टील) प्लेट, गॅस कटरने कापून घेतली. पाठ, दोन हात आणि ८० बाय ८० चे दोन पोल, सगळं बोल्टने आवळलंय. पोलमधला गॅप ३० मिमी. दोन कॉइल, प्रत्येकी ६०० फेरे, सोळा नंबरची तार. तार भरली साडेनऊ किलो. वडील म्हणाले, "येडा व्हयना का तू? एवढ्या तांब्यात सीझनच्या किती मोटारी बाहेर पडल्या असत्या!"

हिशोब साधा केला. १२०० फेरे गुणिले १० अँपिअर म्हणजे १२,००० अँपिअर-टर्न. गॅपने भागून, हवेच्या स्थिरांकाने (म्यू-नॉट) गुणलं की ०.५० टेस्ला (चुंबकीय क्षेत्राचं एकक) यायला हवं. प्रत्यक्षात असं आलं:

२ अँपिअर – ०.०९
४ अँपिअर – ०.१८
६ अँपिअर – ०.२७
८ अँपिअर – ०.३३
१० अँपिअर – ०.३६

करंट शून्य केला तरी ०.००४ उरतंच. फेरे दोनदा मोजलेत. गाइड म्हणतात, "रिपोर्टात ०.५ लिहून टाक, कोण बघतंय." मला तसं लिहायचं नाहीये. सांगा, चुकतंय कुठे?

भुसावळ_लोकोवाला

भो, आधी मीटर तपास. त्या पन्नास-शंभर रुपयांच्या तीन पायांच्या हॉल सेन्सरने मोजत असशील तर तो हजारेक गॉसलाच, म्हणजे ०.१ टेस्लालाच, श्वास टाकतो. दुसरं, डीसी कशातून घेतोस? डिमरस्टेट (व्होल्टेज कमी-जास्त करायचा ट्रान्सफॉर्मर) आणि ब्रिज रेक्टिफायर असेल तर कॉइल तापली की रेझिस्टन्स चढतो नि करंट गुपचूप उतरतो. तू दहा अँपिअर लावून चहाला गेलास की परत येईपर्यंत नऊ.

वाइंडिंगवाला_चाळीसगाव

मीटर कॉलेजच्या लॅबचा आहे, २ टेस्लापर्यंतचा. डिमरस्टेटच आहे, पण प्रत्येक रीडिंगच्या क्षणी क्लॅम्प मीटर बघूनच आकडा लिहिलाय. तापण्याचं म्हणाल तर दहा अँपिअरला ४२ व्होल्ट लागतात, म्हणजे चारशे वॉटच्या वर. बाहेर ४३ डिग्री. दहा मिनिटांत वार्निशचा वास सुटतो, मग बंद करतो.

शिरपूरचे_काका

काय भो, कसं शे? मी पुण्याकडच्या एका कारखान्यात सव्वीस वर्षं अशाच कॉइली गुंडाळल्या. प्रयोगशाळांची चुंबकं यायची, आम्ही तांबं भरून द्यायचो. आता शिरपूरला असतो, केळी आणि नातवंडं बघतो. तुझे आकडे खोटे न लिहिता इथे टाकलेस म्हणून हे लांबलचक टंकतोय.

तुझ्या तक्त्यातच उत्तर आहे, फक्त दोन आजार एकावर एक बसलेत. ते आधी वेगळे कर.

पहिला आजार पहिल्या ओळीतच दिसतो. २ अँपिअरला ०.१० यायला हवं होतं, आलं ०.०९. तिथे लोखंडावर काहीच भार नाही, तरी दहा टक्के गळाले. ६ अँपिअरपर्यंत तेवढेच गळतात, रेघ सरळच राहते. याचा अर्थ वाटेत कुठेतरी हवा आहे. गॅस कटरने कापलेल्या कडा नुसत्या बोल्टने आवळल्यास ना? जोडात फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पत्र्या) घालून बघ. चार जोड आहेत, प्रत्येकी पाव-तीन दशांश मिलिमीटरची फट सापडली तर मला नवल वाटणार नाही. माणसाला ती फट दिसत नाही, पण चुंबकाच्या लेखी अशी फट भरायला लांबच लांब लोखंडाइतके अँपिअर-टर्न खर्ची पडतात.

दुसरा आजार ८ अँपिअरपासून. रेघ वाकली. हे सॅच्युरेशन, म्हणजे लोखंड भरलं, आणखी घेत नाही. तू म्हणशील, गॅपमध्ये ०.३६ आणि लोखंड तर दीड टेस्ला आरामात सोसतं, मग कसं? इथेच बहुतेक सगळे फसतात. तू पोलची ८० बाय ८० जागा धरलीस. पण चुंबकीय रेषा पोलच्या कडेवरून बाहेर फुगतात. ३० मिमी गॅपला साधारण दोन्ही बाजूंनी मिळून एक गॅपभर जागा वाढव, म्हणजे ११० बाय ११०. हे सगळं फ्लक्स (रेषांचा एकूण लोंढा) शेवटी तुझ्या ४० बाय ८० च्या पाठीतून जायचंय. भागाकार कर: १२,१०० भागिले ३,२००, गुणिले ०.३६. आलं १.३६ टेस्ला. यात पोलपर्यंत न पोचता कॉइलच्या बाजूने परस्पर पळणारं धरलेलंच नाही. ते धरलं की दीड-पावणेदोनकडे जातं, आणि साधं एमएस तिथे हात टेकतं. तुला ०.५ हवं होतं तर त्या पाठीला १.९ ओढावं लागलं असतं. पाठ बारीक, डोकं जड असं झालंय तुझं.

उपाय: जोडाच्या कडा सरफेस ग्राइंडरवर मारून घे, आणि पाठीला व हातांना बाहेरून आणखी एकेक ४० ची प्लेट लाव.

शून्याला उरलेले ०.००४ तसेच राहू दे, ती लोखंडाची आठवण आहे. पण चढताना आणि उतरताना रीडिंग वेगळं येईल. म्हणून मोजण्याआधी तीन वेळा पूर्ण दहापर्यंत नेऊन शून्यावर आण, आणि मग नेहमी चढतानाच मोज. मोठ्या यंत्रांतही बीम सोडायच्या आधी चुंबकांना अशाच फेऱ्या देतात.

धुळे_फिजिक्स

काकांनी लोखंडाचं सांगितलं, मी बीमचं सांगते. बारावीला शिकवते, म्हणून सवयीने गणितच घालते. इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने पळत असेल तर एक सोपा हिशोब चालतो: टेस्ला गुणिले मीटरमधली वळणाची त्रिज्या गुणिले ०.३ म्हणजे ऊर्जा, जीईव्हीमध्ये (अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये). आपल्या शेजारी इंदूरला, राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात इंडस-२ हे इलेक्ट्रॉन गोल फिरवणारं यंत्र आहे. २.५ जीईव्ही. त्यात १६ डायपोल आहेत, दीड टेस्लाचे, त्रिज्या ५.५५ मीटर. गुणाकार करून बघ, बरोबर जुळतो. धुळ्याहून सेंधव्याचा घाट चढून गेलं की आलंच इंदूर. आमच्या मुलांना मात्र तिथली सराफ्यातली खाऊगल्लीच ठाऊक.

आता तुझं चुंबक. जुन्या टीव्हीच्या नळीतला २५ हजार व्होल्टचा इलेक्ट्रॉन तुझ्या ०.३६ मध्ये दीड मिलिमीटरच्या त्रिज्येत गिरक्या घेईल, वळून पलीकडे निघणारच नाही. (टीव्हीच्या वेळी वेग प्रकाशाइतका नसतो, तिथे ऊर्जेऐवजी संवेग धरावा लागतो.) ६ एमईव्हीचा (साठ लाख इलेक्ट्रॉन-व्होल्टचा) असेल तर त्रिज्या सहा सेंटिमीटर. कॅन्सर हॉस्पिटलातल्या मोठ्या लिनॅकमध्ये (इलेक्ट्रॉन सरळ रेषेत पळवणाऱ्या यंत्रात) बीम २७० अंशात वळवणारं चुंबक असतं, ते साधारण या घरातलंच. म्हणजे तू अगदीच खेळणं केलेलं नाहीस. पण इलेक्ट्रॉनचा स्रोत घरी जोडायच्या फंदात पडू नकोस. एक्स-रे निघतात, आणि त्याला परवाने लागतात.

भुसावळ_लोकोवाला

मॅडम, आमच्या खात्याचाही या विषयाशी संबंध आहे बरं का. जिनिव्हाला सर्न या प्रयोगशाळेचं लेप नावाचं जुनं अॅक्सिलरेटर यंत्र होतं, २७ किलोमीटरचं. १९९५ मध्ये त्यांना कळेना, डायपोलचं क्षेत्र दिवसभर थरथरतं आणि मध्यरात्रीनंतर काही तास शांत होतं. कारण निघालं पॅरिसला जाणारी रेल्वे! रुळांतून परतणारा डीसी करंट जमिनीत गळायचा आणि बीमच्या नळीतून वाट काढायचा. आमच्या साहेबाला सांगितलं तर म्हणे, "अर्थिंग नीट नसेल त्यांचं."

वाइंडिंगवाला_चाळीसगाव

अपडेट. जोड खोलले. एका ठिकाणी ०.३५ चा फिलर आरपार गेला. ग्राइंडिंग करून घेतलं, वरून प्लेटा लावल्या. १० अँपिअरला आता ०.४८. काका, पाया पडतो. वडिलांनीही पहिल्यांदा खुर्ची ओढून मीटरकडे बघितलं.

आता पुढचं. खऱ्या यंत्रातलं चुंबक आणि माझं यात फरक नेमका काय? फक्त आकाराचा?

शिरपूरचे_काका

आकाराचा सगळ्यात कमी. तू मधोमध प्रोब धरून आकडा घेतलास. बीमला त्या एका ठिपक्याशी देणंघेणं नाही. तो आत शिरण्याआधीपासून बाहेर पडेपर्यंत वाटेत जेवढं क्षेत्र भेटलं त्याची बेरीज त्याला कळते. आणि ती बेरीज डावीकडून गेलेल्याला आणि उजवीकडून गेलेल्याला सारखी लागते, दहा हजारात एका भागाइतकी. तुझ्या ८० मिमीच्या सपाट पोलमध्ये मधला इंचभर पट्टा मोठ्या मुश्किलीने हजारात एकपर्यंत सारखा असेल, कडेला उतार. म्हणून पोलच्या कडांना बारीक ओठ ठेवतात, त्याला शिम म्हणतात, आणि टोकाला तिरपा घास मारतात. हा घास किती मारायचा हे कॉम्प्युटर सांगतो, मग मशीनवर एकदा मारून मोजतात, पुन्हा मारून मोजतात. फेम नावाचं प्रोग्राम फुकट आहे, त्यात तुझी चौकट काढून बघ. तुझ्या चुंबकाच्या पाठीतला १.३६ त्यात भडक रंगात दिसला असता. मात्र फेम कागदावरचा काप दाखवतो, टोकांचं काही सांगत नाही.

क्वाड्रुपोल तर वेगळंच प्रकरण. चार पोल, टोकं हायपरबोलाच्या आकाराची, मधोमध क्षेत्र शून्य. आडव्या दिशेत बीम गोळा करतो, उभ्या दिशेत पसरवतो. म्हणून पुढचा उलटा लावायचा, आणि दोघांत मिळून बीम दोन्हीकडून आवळला जातो. ही युक्ती १९५२ मध्ये अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेच्या मंडळींनी छापली. ख्रिस्तोफिलोस नावाच्या ग्रीक इंजिनिअरला ती त्याआधीच सुचली होती, तो लिफ्टच्या धंद्यातला माणूस. आमच्या कारखान्यात एकदा क्वाड्रुपोलची एक कॉइल उलटी जोडली गेली. इपॉक्सी भरून, रंग मारून, पेटीत बंद होईपर्यंत कुणाच्या ध्यानात आलं नाही. पाच रुपयांचं होकायंत्र चार पोलांपुढे फिरवलं असतं तर दोन मिनिटांत कळलं असतं. त्या दिवसापासून माझ्या खिशात होकायंत्र असायचं. अजूनही आहे, नातू खेळतो.

आणि तांबं. तुझी तार दहा मिनिटांत वास सोडते. खऱ्या चुंबकात मध्ये भोक असलेली चौकोनी पट्टी असते, भोकातून पाणी. ती वाकवताना आतली बाजू फुगते, बाहेरची पातळ होते. फुगलेली कड कानशीने काढायची, मग फायबर टेप अर्धा-अर्धा चढवत गुंडाळायचा. कड राहिली की टेप कापते आणि सहा महिन्यांनी फेऱ्याला फेरा चिकटतो. पाणीही डीएम, म्हणजे क्षार काढलेलं, लागतं. आपल्या बोअरचं क्षारांचं पाणी घातलंस तर भोकं बुजतील आणि पाण्यातून करंट गळेल तो वेगळाच.

नोकरीचं तू विचारलं नाहीस पण मनात असणार. इंदूरच्या केंद्रानेच सर्नच्या एलएचसी या मोठ्या अॅक्सिलरेटरसाठी दीड हजाराहून जास्त सुधारक चुंबकं (क्षेत्रातली चूक भरून काढणारी) आणि चुंबकं टेकवायचे हजारो जॅक भारतातून करून दिले. तिथे जायचं तर गेट परीक्षेचा अभ्यास धर, अणुऊर्जा खात्याच्या भरतीत ते गुण उपयोगी पडतात आणि मग मुलाखत. मुलाखतीत रिपोर्टातले ०.४८ दाखवू नकोस. आधीचे ०.३६ दाखव, फिलर गेजसकट.

आता एक काम कर. पोलच्या मध्यरेषेवर बाहेर १०० मिमीपासून पलीकडे १०० मिमीपर्यंत, ५ मिमीच्या टप्प्याने वाचन घे आणि इथे टाक. प्रोब हातात धरू नको, लाकडी पट्टीला बांध.

वाइंडिंगवाला_चाळीसगाव

घेतो. पण दोन दिवस लागतील. वडिलांनी डिमरस्टेट परत नेलाय, गिऱ्हाईकाची मोटार टेस्ट करायचीय म्हणे.