मदत हवी आहे: भर दुपारी कोंबड्या मरताहेत (हुडकेश्वर, नागपूर)

अंगणवेल:

नमस्कार. घाईत लिहितेय, काही सुटलं तर विचारा.

आम्ही हुडकेश्वरला राहतो. घरामागे छोटं अंगण आहे, त्यात एक कडुलिंब आणि टिनाचं छप्पर असलेलं खुराडं. चार वर्षांपूर्वी सासूबाईंनी दोन गावरान तलंगा आणल्या आणि मग हा पसारा वाढत गेला. मागच्या रविवारपर्यंत अकरा कोंबड्या आणि दोन कोंबडे होते. आज आठच कोंबड्या उरल्यात.

सोमवारी ठिपकी गेली. काल बुधवारी चांदणी आणि तिची बहीण, अर्ध्या तासाच्या अंतराने. तिघींची वेळ जवळपास सारखीच, दुपारी तीन ते साडेचार. चांदणी माझ्या डोळ्यांदेखत गेली. भिंतीला टेकून उभी होती, पंख अंगापासून लांब धरलेले, चोच उघडी, गळा भात्यासारखा वरखाली होत होता. एरवी जास्वंदीसारखा लाल असणारा तुरा जांभळा पडला होता. उचलून घेतली तर अंग नुसतं भाजत होतं. पाचेक मिनिटांत तिने माझ्या हातावरच मान टाकली. सकाळी हीच कोंबडी दाणे वेचायला सगळ्यांच्या पुढे होती.

बाकी जे दिसतंय ते: दोन आठवड्यांपासून अंडी कमी झालीत, आणि जी मिळतात त्यांचं कवच इतकं पातळ की अंगठ्याखाली दबतं. विष्ठा पाण्यासारखी पातळ. खाणं अर्ध्यावर आलंय.

खाद्य असं: सकाळी सातला लेअर मॅश (अंड्यावरच्या कोंबड्यांचं तयार खाद्य), दुपारी साडेबाराला मुलगा मका आणि कणकी टाकतो (सुट्टी लागली आहे, त्याला तेवढंच काम असतं), संध्याकाळी पालेभाजीचे देठ. पाण्याची कमतरता नाही. मागच्या वर्षी निपलची (चोचीने दाबलं की पाणी येतं त्या तोट्यांची) लाइन करून घेतली, ती थेट गच्चीवरच्या टाकीला जोडलेली आहे. पाणी कधीच संपत नाही.

मानमोडी असेल का? की बर्ड फ्लू? गोरेवाड्याच्या बचाव केंद्रात २०२४च्या डिसेंबरअखेर तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले आणि ते बर्ड फ्लूने गेल्याचं नंतर कळलं, तेव्हापासून आमच्या गल्लीत कोंबडी शिंकली तरी लोक दचकतात. शेजारच्या काकू म्हणताहेत की उरलेल्या आजच काढून टाका. सासूबाईंनी कालपासून नीट जेवण केलेलं नाही. कृपा करून कोणीतरी सांगा, नक्की काय करू?

---

संत्र्याचा_मळा:

ताई, आधी घाबरू नोका. मी काटोलकडचा, घरी तीस-पस्तीस कोंबड्या राह्यतेच. एवढं सांगजा मले:

रात्री नाही तर पहाटे एखादी मेली काय? कोणाची मान वाकडी, पाय लुळा, हिरवी हगवण, असं काही हाये काय? आन् मेल्या त्या तिघी अंगानं भरलेल्या होत्या की वाळक्या?

आन् हे वाचून झालं की उठा, निपलचं पाणी हातावर घेऊन पाहजा. आत्ताच पाहजा, दोन वाजून राह्यले.

---

अंगणवेल:

दादा, पाहून आले. हात मागे घेतला मी. चटका बसला अक्षरशः. हिवाळ्यात मुलाच्या आंघोळीला काढते त्याहून गरम पाणी आहे. टाकी काळी आहे, आणि पाइपही काळाच, गच्चीवरून भिंतीने उतरतो तो दिवसभर पश्चिमेच्या उन्हात.

आता आठवतंय, गेले कित्येक दिवस त्या निपलला चोच लावायच्या आणि मान झटकून मागे व्हायच्या. मी खिडकीतून बघायचे आणि समजायचे की पाणी पिऊन झालं.

तुमच्या प्रश्नांची उत्तरं: रात्री किंवा पहाटे एकही मेली नाही. मान वाकडी नाही, पाय धड आहेत, हिरवी हगवण नाही. संध्याकाळी सहानंतर सगळ्या पुन्हा हिंडायला लागतात. आणि हो, तिघीही भरलेल्या होत्या. ठिपकी तर कळपात सगळ्यात वजनदार.

---

गोठा_आणि_खुराडं:

मी पशुवैद्यक आहे. पक्षी न पाहता छातीठोक निदान करता येत नाही, पण तुम्ही जे लिहिलंय ते उष्माघाताकडे बोट दाखवतं.

कोंबडीला घामाच्या ग्रंथी नसतात. तिच्या शरीराचं तापमानच ४१ ते ४२ अंश. बाहेर ४५ अंश झालं की अंगातली उष्णता हवेत सोडायची सोयच उरत नाही, मग तोंड उघडून धापा टाकत श्वासावाटे पाणी उडवणं एवढा एकच मार्ग राहतो. त्यासाठी पोटात पाणी जायला हवं. अंड्यावरची कोंबडी एरवी दिवसाला पाव लिटरच्या आसपास पिते, या दिवसांत तिला दुप्पट लागतं. पाणी अंगाच्या तापमानाहून गरम असेल तर ती पीत नाही, तहानलेली उभी राहते.

पातळ कवचही त्याच धापांमुळे. धापा टाकताना रक्तातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कवचासाठी लागणारा कार्बोनेट कमी पडतो. त्यात खाणं अर्ध्यावर आलं म्हणजे कॅल्शियमही अर्ध्यावर. शिंपल्याचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा, ज्या कोंबडीला हवा ती खाईल.

दुपारचा मका आजपासून बंद. पचनाने अंगात उष्णता तयार होते, आणि साडेबाराला खाल्लेलं नेमकं तीन-चारच्या सुमारास भोवतं. भरलेल्या, अंड्यावरच्या कोंबड्या आधी जातात त्या याचमुळे. खाद्य पहाटे पाचला आणि ऊन उतरल्यावर. मधल्या वेळेत पोट रिकामं राहिलं तर बिघडत नाही, पाणी मात्र हवंच.

आता रोगाबद्दल. मानमोडीत, म्हणजे राणीखेतमध्ये, मरण घड्याळ पाहून येत नाही. रात्री-पहाटेही पक्षी जातात, हिरवी हगवण, घरघर, माना वळणं दिसतं. बर्ड फ्लूत डोकं सुजतं, पायांवर रक्ताळलेले डाग येतात आणि एक-दोन दिवसांत कळप साफ होतो. तो विषाणू थंडीत टिकतो, असल्या उन्हात फार तग धरत नाही. तरीही गाफील राहू नका. आता थंड पाणी आणि सावली देऊनही आणखी एखादी गेली, किंवा एकही रात्रीत गेली, तर ती घरी कापून पाहू नका. हातमोजे घालून दोन पिशव्यांत बांधा, बर्फावर ठेवा (फ्रीझरमध्ये गोठवू नका, गोठलेल्या अवयवांत नीट काही कळत नाही) आणि त्याच दिवशी सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शवविच्छेदनाला न्या. १९६२ या टोल फ्री क्रमांकावरही मदत मिळते. तोवर उरलेल्या विकू नका, कोणाला देऊही नका.

लसीकरण झालंय का?

---

अंगणवेल:

पिल्लांना पहिल्या आठवड्यात लासोटाचे, म्हणजे मानमोडीच्या लसीचे, थेंब दिले होते. मानमोडीचीच आठव्या आठवड्याची लस, आर-टू-बी, राहून गेली. उद्या देऊन टाकू का?

---

गोठा_आणि_खुराडं:

अजिबात नको. उन्हाने खचलेल्या पक्ष्याला लस टोचली तर तो आणखी खचतो आणि प्रतिकारशक्तीही धड तयार होत नाही. कळप सावरला, एखादा पाऊस पडून हवा उतरली, की पहाटे द्या. बाटली दुकानापासून घरापर्यंत बर्फातच असायला हवी.

---

संत्र्याचा_मळा:

डॉक्टरसाहेबांनी सारं सांगितलं, मी आपलं घरच्या कामाचं सांगतो.

निपल उन्हाळाभर बंद करा. मातीची पसरट कुंडी घ्या तीन-चार, माठवाल्याकडं भेटते. कडुलिंबाखाली ठेवजा, एका जागी नोको, चार जागी. एकच असलं की दांडगा कोंबडा तिथंच उभा राह्यते आन् बाकीच्या तोंड पाहतात. माठातलं पाणी भरजा, दर दोन तासांनी बदला. बर्फाचं नोको.

टिनावर पऱ्हाट्या टाका. जाड थर, हातभर. गावाकडं कापसाच्या पऱ्हाट्या लोक बांधावर जाळून टाकतात, कोणी पण देईल. नाहीच भेटल्या तर टिनाले चुना मारा दोन हात, पांढऱ्या टिनाखाली लय फरक पडते. पश्चिमेकडून बारदान बांधा आन् ते ओलं ठेवा, दारावर वाळ्याचा पडदा लावतो ना आपण, तसंच. पाणी बारदानावर आन् छपरावर मारा, खाली भुशावर नोको. भुसा ओला झाला की वास सुटते, अन् पुढं रक्ती हगवण मागं लागते.

एखादी धापा टाकत बसलीच, तर सावलीत न्या, पाय आन् तुरा साध्या पाण्यात भिजवा. चोचीच्या कडेला थेंब थेंब पाणी लावा. घशात ओतू नोका, श्वासनळीत जाते.

आन् जून लागून हवा दमट झाली की हे ओलं करणं बंद करजा. कोरड्या हवेतच कूलर चालते, दमट हवेत त्याचा उलटा त्रास. तेव्हा नुसता पंखा.

---

तुळशीपाशी:

दोन्ही प्रतिसाद अगदी बरोबर. मला फक्त विचारायचंय, अकरा कोंबड्यांमागे दोन कोंबडे होते म्हणालात, कोंबडे चढून चढून माद्यांच्या पाठी कशा झाल्यात? पिसं गेलेली उघडी पाठ असेल तर ऊन थेट कातडीवर बसतं. आठ-दहा कोंबड्यांना एक कोंबडा पुरतो, आणि नुसती खायची अंडी हवी असतील तर तोही लागत नाही. आमच्याकडे हे उशिरा कळलं होतं.

दुसरं, कोणी खुडूक, म्हणजे अंडी उबवायला, बसलेली आहे का? मे महिन्यात खुडूक कोंबडी जागा सोडत नाही, पाण्यालाही उठत नाही, आणि बसल्या बसल्याच जाते.

---

अंगणवेल:

ताई, तुम्ही आमच्या अंगणात उभं राहूनच लिहिलंय जणू. उरलेल्या आठांपैकी तिघींच्या पाठी उघड्या आहेत. आणि काळी खुडूक आहे, अकरा दिवस झाले, टिनाखालच्या खोक्यात पाच अंड्यांवर. सासूबाईंची फार इच्छा होती पिल्लं निघावीत म्हणून मी हात लावला नव्हता. उठवू का? अर्धे दिवस तर झालेत, एकवीसच लागतात.

---

तुळशीपाशी:

उठवा. जीव कठोर करून उठवा. आधी ती अंडी अंधारात टॉर्चवर धरून पाहा. अकराव्या दिवशी जिवंत अंड्यात लाल शिरांचं जाळं आणि मध्ये हलणारी काळी सावली दिसते. गढूळ, शिरा नसलेलं असेल तर ते गेलेलं आहे. या दिवसांत खोक्यात पडून राहिलेल्या अंड्यात कोंबडी बसण्याआधीच जीव धरतो आणि मध्येच मरतो, म्हणून रोजची अंडीसुद्धा दिवसातून दोन-तीनदा उचलायची.

एखादं जिवंत दिसलं तर खोकं घरात, थंड कोपऱ्यात हलवा आणि काळीला दिवसातून तीनदा हाताने उचलून पाण्यापाशी सोडा. सगळी गेलेली असतील तर तिला तळाला जाळी असलेल्या पिंजऱ्यात, खालून हवा लागेल असं ठेवा. तीन-चार दिवसांत खूळ उतरतं.

---

अंगणवेल:

नवतपा (कडक उन्हाचे ते नऊ दिवस) संपला, म्हणून लिहायला बसले. आधी वेळच झाला नाही.

त्या गुरुवारनंतर एकही कोंबडी गेलेली नाही. आठच्या आठ आहेत.

निपलचा वाल्व त्याच दुपारी बंद केला. कुंड्यांत माठाचं पाणी ओतलं तेव्हा काय झालं ते सांगायचं होतं. सगळ्या एकदम धावल्या नाहीत. लंगडी नावाची कोंबडी पुढे आली, चोच बुडवली, डोकं वर करून थांबली, पुन्हा बुडवली, आणि मग सलग पीतच राहिली. तिच्या मागून बाकीच्या आल्या. सासूबाई ओट्यावर बसून बघत होत्या, डोळ्यांना पदर लावून.

पऱ्हाट्या दिरांनी गावाहून आणल्या. मुलाचं दाणे टाकायचं काम आता पहाटे पाचचं आहे, हाक न मारता उठतो. दोन कोंबड्यांपैकी थोरला कोंबडा जाऊबाईंकडे गेला, तिथे बारा कोंबड्या आहेत आणि कोंबडा नव्हता. मात्र आधी दहा दिवस सगळ्यांवर लक्ष ठेवलं, कोणी आजारी नाही याची खात्री करून मगच दिला. धाकट्याला मुलाने सोडू दिलं नाही.

काळीच्या पाच अंड्यांपैकी चार गढूळ निघाली. एकात शिरा दिसल्या. खोकं देवघराशेजारच्या खोलीत आणलं, कूलर तिथेच आहे. शनिवारी पहाटे त्यातून एक पिल्लू निघालं, काळं, पोटाशी पिवळट.

कवच अजून पातळच आहे, पण अंगठ्याखाली दबत नाही. आर-टू-बीबद्दल पाऊस पडला की पुन्हा विचारेन. आता साडेतीन होत आलेत, बारदानावर पाणी मारायला जाते.