उत्तर: ५८ किलोची फायनल, जखमी खेळाडूला लाथ का मारली?

एकानं विचारताना म्हटलंय की पॅरिस २०२४ ऑलिंपिकच्या तायक्वांदोतल्या ५८ किलो फायनलमध्ये दक्षिण कोरियाच्या पार्क ते-जूननं लंगडणाऱ्या अझरबैजानच्या मागोमेदोव्हला मारत राहणं शोभलं नाही. मध्यरात्र उलटल्यावर ती मॅच बघताना आमच्या घरातही याच्यावरून जुंपली होती!

माझा भाचा मुलुंडला तायक्वांदो शिकतो. त्यांच्या सरांचं पहिलं वाक्य ठरलेलं: पंच 'काल्यो' (म्हणजे 'थांबा, वेगळे व्हा') म्हणेपर्यंत थांबायचं नाही. समोरचा खरंच जायबंदी आहे की आव आणतोय, हे ठरवणं पंचाचं काम. मागोमेदोव्हचा पाय पहिल्याच फेरीत दुखावला, ती फेरी ९-० गेली, तरी तो स्वतः दुसरीला उभा राहिला. तेव्हा अर्धवट मनानं लाथ मारणं हाच त्याचा अपमान झाला असता. आणि पार्कनं त्याला खांद्याचा आधार देत पदकासाठी नेलं, तेही बघा की.

प्रेक्षकांनी उडवलेली हुर्यो मात्र समजते. टीव्हीवर ते क्रूरच दिसतं.

बाकी ५८ किलोचा गट म्हणजे मुळातच हलकी मुलं, हे कोणीतरी लिहिलंय ते सोडून द्या. भाच्याच्या स्पर्धेला वजनकाट्यावर मुलं मोजेसुद्धा काढून चढतात. आदल्या रात्री पाण्याचा घोटही नाही. शंभर ग्रॅम जास्त भरले म्हणून एक पोरगा जिन्यावर पळत बसला होता. काट्यावरून उतरल्या उतरल्या भाच्यानं दोन वडापाव उभ्यानंच संपवले, चटणी जर्सीवर.