युनिक्सच्या आधीही टाइम-शेअरिंग होतं

टाइम-शेअरिंग, म्हणजे एकच कॉम्प्युटर अनेकांनी एकाच वेळी पाळीपाळीने वापरणं, युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमपासून सुरू झालं असं म्हणतात, ते पटत नाही. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात फर्नांदो कोर्बातो यांच्या चमूने सीटीएसएस ही टाइम-शेअरिंग सिस्टिम नोव्हेंबर १९६१ मध्येच आयबीएम ७०९ या कॉम्प्युटरवर चालवून दाखवली होती. पुढे ती ७०९४ वर गेली. त्या मशीनला मेमरीचे दोन भाग खास बसवून घेतले होते: एकात सुपरव्हायझर (सगळ्यांवर देखरेख ठेवणारा सिस्टिमचा मुख्य प्रोग्राम), दुसऱ्यात ज्याची पाळी त्याचा प्रोग्राम. पाळी संपली की याला उचलून बाहेर टाकायचं, पुढच्याला आत घ्यायचं.

पासवर्डही तिथलेच, आणि त्यांची फजितीसुद्धा! एडिटर (मजकूर दुरुस्त करायचा प्रोग्राम) तात्पुरत्या फाइलला कायम एकच नाव द्यायचा. एकदा दोघे एकाच वेळी बसले. एक पासवर्डची यादी दुरुस्त करतोय, दुसरा लॉगिनचा संदेश. फाइलींची अदलाबदल झाली आणि लॉगिन करणाऱ्या प्रत्येकाच्या टर्मिनलवर सगळ्यांचे पासवर्ड छापून यायला लागले. (टर्मिनल टाइपरायटरसारखे, म्हणजे चक्क कागदावर.)

मग आलं मल्टिक्स, एमआयटी, बेल लॅब्स वगैरेंनी मिळून हाती घेतलेली पुढची टाइम-शेअरिंग सिस्टिम. त्यातून बेल लॅब्स १९६९ मध्ये बाहेर पडली, आणि तिथल्याच केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांनी युनिक्स लिहायला घेतलं.